मानाचं पाणी

सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी सुधारानीने राघोबाच्या हातात एक छोटी बाटली ठेवली आणि राघोबाच्या जिवाचा घोर सुरू झाला.

कन्नड मुलखातल्या निर्णा गावाच्या शिवेजवळच्या त्या वाडीत राघोबाच्या विहिरीचं पाणी म्हणजे मानाचं पाणी. काल्याच्या महाप्रसादाचा भात त्याच पाण्यात शिजायचा आणि कीर्तनकार बुवांपुढचा तांब्याही त्याच पाण्याने भरायचा. राघोबाला गळा नव्हता, टाळही त्याच्या हातात एक मात्रा मागेच राहायचे. कीर्तनात त्याची जागा काय ती तांब्यात. बुवांनी घोट घेतला की तो शेजारच्याला कोपराने ढोसायचा, "आपलंच हाय."

यंदा ग्रामपंचायतीने नियमांचा कागद भिंतीवर लावला होता. उकिरडा विहिरीपासून नि ओढ्यापासून पन्नास पावलं लांब हवा. फवारणीचा पंप ओढ्यात धुवायचा नाही. काठाचं गवत नांगरायचं नाही. आणि पंगतीचं पाणी तपासल्याशिवाय वापरायचं नाही. पंचायतीतर्फे पाणी तपासायचं काम सुधारानीकडे होतं.

"कागद वाचलाव का अण्णा?" तिने विचारलं.

"कन्नड कुठं वाचाय येतंय मला, अक्का."

"रेशनच्या यादीत नाव बरं सापडतंय, ते बी चष्म्याबिगर!" सुधारानी हसली. "ह्या बाटलीत औषध हाय. पाणी भरून दोन दिवस ठिवायचं. काळं पडलं तर पाणी खराब. चला, विहिरीवर जाऊ."

राघोबाचा उकिरडा विहिरीपासून दहा पावलांवर होता. खालच्या अंगाला, ओढ्याच्या अगदी काठावर. पाच वर्षांपूर्वी गाडी लावायला सोपं म्हणून त्याने तो तिथे आणला होता.

"एवढ्या उन्हात तुमी कामून येतायसा? मीच भरून आणतो की," राघोबा घाईने म्हणाला.

सुधारानीला अजून तीन वाड्या फिरायच्या होत्या. तिने बाटली दिली.

ओढ्याच्या पलीकडे, उताराला भीमण्णाची विहीर होती. आसपास उकिरडा नाही, गोठा नाही, पाणी नारळासारखं गोड. राघोबा दोर मागायच्या निमित्ताने तिथे गेला. भीमण्णा गुडघे पोटाशी घेऊन बांधावर बसला होता. त्याची बायको नागव्वा गावातून भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी घेऊन आली होती.

"पोट पुन्हा बिघडलंय, राघोबा," भीमण्णा म्हणाला. "हिच्या पुंडीच्या भाजीनं घात केलाय."

"पाच वर्सं झाली, माझ्या हाताला नावं ठिवायलाय!" नागव्वा कडाडली. "तीच भाजी घरी मी बी खाते. मला कामून काय हुईना?"

त्यांचं भांडण रंगात आलं तेवढ्यात राघोबाने बाटली भरून घेतली. घरी येऊन देव्हाऱ्याशेजारी ठेवली, तेव्हा त्याची बायको कमलबाई म्हणाली, "दोर आणाय गेल्तासा नव्हं? कुठाय दोर?"

दोन दिवसांनी बाटली शाईसारखी काळी झाली होती.

आरतीनंतर देवळात सुधारानीने ती सगळ्यांना दाखवली. "राघोबाअण्णांच्या विहिरीचं पाणी पंगतीला चालायचं न्हाई."

देवळात चुळबुळ झाली. मग सप्ताहाचे पुढारी रेवणप्पा म्हणाले, "काला तर तीन दिवसांवर आलाय. औंदा भीमण्णाच्या विहिरीचं पाणी घिऊ. कसं?"

भीमण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. बसवण्णांना मानणाऱ्या घरातला माणूस, पण कीर्तन म्हटलं की पहिल्या रांगेत. "माझ्या विहिरीला देवाचा मान!" एवढंच तो म्हणाला. नागव्वा तर लगेच उठली. काठाला चुना लावायचा होता, हंडे घासायचे होते.

त्या बाटलीतलं काळं पाणी कुणाचं, हे साऱ्या देवळात राघोबाला एकट्याला ठाऊक होतं. पाचशे माणसं जेवणार. लेकरं, म्हातारी, स्वतः बुवा. आणि बोलावं, तर चोरी उघडी पडणार.

कीर्तन सुरू झालं. बुवांनी निरूपणात हात उंचावला. "बाबांनो, माणूस पाप डोंगरात पुरेल, पण पाणी कुणाचं ऐकत नाही. ते उतार शोधतं आणि चारचौघांत येऊन उभं राहतं!"

"तू सांगितलंस व्हय बुवाला?" राघोबाने कमलबाईकडे वळून विचारलं.

"काय सांगू? मला कुठं काय माहिताय?" मग तिने डोळे बारीक केले. "काय केलंय तुमी?"

राघोबा उठला. भर कीर्तनात, टाळकऱ्यांच्या मधून वाट काढत बुवांपुढे गेला आणि जमिनीला डोकं टेकलं. मृदंग थांबला.

"बुवा, ते पाणी माझं न्हाई. मान जाईल म्हणून भीमण्णाच्या विहिरीतनं भरलं मी."

मग भीमण्णा सावकाश म्हणाला, "आरं, दोर मागायला आल्तास की तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारानीने स्वतः दोन्ही विहिरींचं पाणी भरलं. काल्याच्या पहाटे सगळे पुन्हा जमले. भीमण्णाची बाटली काळी होती. राघोबाची स्वच्छ.

राघोबाने दोन्ही बाटल्या उचलून उजेडात धरल्या. "म्हंजी माझंच पाणी दिलं असतं तर..."

"मान कुठंच गेला नसता," कमलबाईने वाक्य पुरं केलं.

सुधारानी सगळ्यांना ओढ्यावर घेऊन गेली. राघोबाची विहीर चढावर होती. उकिरड्याखालून निघालेला तपकिरी ओघळ विहिरीकडे वळलाच नव्हता. तो ओढ्यात उतरून पलीकडे भीमण्णाच्या विहिरीच्या पायथ्याशी झिरपत होता. शेतावर राबताना भीमण्णा पाच वर्षं तेच पाणी पीत होता.

"उकिरडा विहिरीपास्नं लांब ठिवा असं आमी म्हणतो," सुधारानी म्हणाली, "ते काय निस्तं आपल्याच विहिरीसाठी न्हाई. हा ओघळ कुणाचा हाय?"

राघोबाने मान खाली घातली. "आपलंच हाय."

त्या सकाळी उकिरड्याच्या अकरा ट्रॉल्या वरच्या माळावर गेल्या. खोरं राघोबाच्याच हातात होतं. ट्रॅक्टर भीमण्णाचा होता, तो न मागता आला होता.

काल्याची पंगत बसली. पाणी राघोबाच्या विहिरीचंच होतं, पण यंदा त्याने कुणाला कोपर मारलं नाही. घागर कमरेवर घेऊन तो वाढत भीमण्णापाशी आला. नागव्वाने घरून आणलेली पुंडीची भाजी नवऱ्याच्या पत्रावळीवर वाढली होती. भीमण्णा तिसऱ्यांदा मागत होता.

राघोबा पाणी ओतायला वाकला, तेवढ्यात नागव्वाने पेल्यावर हात ठेवला.

"थांबा, अण्णा. आधी ह्यास्नी पंगतीत बोलू द्या."

भीमण्णाने इकडे तिकडे पाहिलं. सुटका नव्हती. तो उठला, तोंडातला घास गिळला आणि पाचशे माणसांसमोर हात जोडून म्हणाला, "पुंडीच्या भाजीचा काय बी गुन्हा न्हाई!"

पंगतीत हास्याचा पूर लोटला. बुवांनीसुद्धा पुंडीसाठी पत्रावळ पुढे केली.

नागव्वाने पेल्यावरचा हात काढला. राघोबाने पेला काठोकाठ भरला आणि भीमण्णा तो पिऊन संपवेपर्यंत तिथून हलला नाही.