आप्पांचा कोरम

पलूसला आमच्या शेजारी आप्पा राहतात, गावच्या विकास सोसायटीचे रिटायर सेक्रेटरी. चौघं जमल्याशिवाय हा माणूस टपरीवर चहा सांगू देत नाही. "थांबा रं, कोरम व्हायचाय!" मग बसा घसा कोरडा करून.

सभेला कोरम, म्हणजे ठरलेल्या संख्येइतकी माणसं आली नाहीत, की सभा अर्धा तास तहकूब करायची. मग त्याच जागी परत भरवायची, तेव्हा कोरम लागत नाही. आमच्या सोसायटीच्या सगळ्या सभा अशाच पार पडल्या. कोरमाला कुणी येत नाही, नाश्त्याला मात्र बरोब्बर हजर!

पोराच्या लग्नातही आप्पा अडून बसले. "मामाबिगर कोरम न्हाई!" मामा बिचारा मांडवाबाहेर चप्पल शोधत होता. आप्पांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी डोळे वटारले, तेव्हा कुठं मंगलाष्टका सुरू झाल्या.

एकदा वैतागून मी विचारलं, "आवं आप्पा, ह्यो कोरम आला तरी कुठनं?"

आप्पा खुलले. "लॅटिन हाय त्यो! सांगलीच्या वकिलानं सांगितलंय. विलायतेचा राजा न्यायाला माणसं नेमताना हुकमात लिवायचा, 'ज्यांच्यापैकी तुमी एक असावं, असं आमाला वाटतंय.' त्यातलं 'ज्यांच्यापैकी' म्हंजे कोरम."

आतून काकू म्हणाल्या, "आमाला न्हाई कोण असं बोलावत. नुसतं 'ताट वाढ' म्हनत्यात."

त्या काकू गेल्या वर्षी गेल्या. पोरगा-सून पुण्याला. परवा संध्याकाळी मी बिनकांद्याची आमटी घेऊन गेले, तर आप्पा वाढलेल्या ताटापुढं नुसते बसलेले.

"जेवत का न्हाई?"

"सभा तहकूब हाय. कोरम न्हाई."

मी हसले. तेवढ्यात दिवस उसामागं गेला आणि आप्पांनी ताट झाकलं. जैनाचं घर, दिवस मावळल्यावर जेवण बंद.

"आवं, उपाशी झोपणार व्हय?"

"एकट्याला घास उतरत न्हाई गं. बसून ऱ्हातो, आन् दिवस जातो कवा कवा."

काल ऊन असतानाच माझं ताट घेऊन गेले आणि समोर बसले.

"किती जणांचा कोरम, आप्पा?"

"दोघांचा."

"मग करा सुरू."

त्यांनी भाकरी मोडली, पण घास हातातच राहिला. मला म्हणाले, "ज्यांच्यापैकी तुमी एक असावं, असं आमाला वाटतंय."

आजवर मला 'अगं'शिवाय हाक नाही, आणि एकदम 'तुमी'! मी हसणार होते. पण आप्पा स्वयंपाकघराकडं बघत होते.

"तिला म्हनायचं ऱ्हाऊनच गेलं बग," ते म्हणाले, आणि जेवायला लागले.