मांगूरकर अण्णांचं पपनस

आमचे घरमालक मांगूरकर अण्णा फळ देण्याआधी औषधांची चिठ्ठी मागतात. मस्करी नाही करत. बेंगळुरूच्या जे. पी. नगरात त्यांच्या घरासमोर पपनसाचं झाड आहे. इथले लोक त्याला चकोता म्हणतात. डोक्याएवढी फळं लागतात, त्यामुळे मागणारेही पुष्कळ. अण्णा फाटकाच्या आतूनच विचारतात, "घरात कोण कोण? कुठल्या कुठल्या गोळ्या?" समोरच्या बंगल्यातले काका कोलेस्टेरॉलची गोळी घेतात, तर त्यांना चक्क हात हलवत परत पाठवलं. तेव्हापासून ते काका अण्णांना जिपुण म्हणतात, म्हणजे कानडीत कंजूस.

मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. राहायला आले त्याच आठवड्यात माझीही मुलाखत झाली.

"गोळ्या?"

"एकही नाही."

"आणि डोकं दुखलं तर?"

"चहा पिते."

"सरी," म्हणजे ठीक, असं म्हणाले, आणि फळ हातात ठेवलं. वर अटी. आपल्या घरी नेऊन खायचं. साल त्यांच्या कचऱ्यात टाकायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी चव सांगायची.

ही शेवटची अट भारी त्रासाची. सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या ऑफिसची कॅब दारात हॉर्न मारतेय, आणि अण्णा जिन्याखाली वही घेऊन उभे.

"कसं होतं गं?"

"छान."

"छान म्हणजे? आंबट किती? कडवट आधी लागलं की मागनं? फोड रसाळ होती की कोरडी?"

"अण्णा, कॅब!"

मग ते तोंड वाकडं करून वहीत 'छान' असं लिहायचे. मला वाटायचं, शास्त्रज्ञ माणूस, रिटायर झाला तरी खोड जात नाही, चालू असेल काही संशोधन.

कारण अण्णांचा जन्म तसल्याच कामात गेलाय. मूळचे निपाणीकडचे. इथं एका प्रयोगशाळेत माणसाच्या यकृतातल्या एका एंझाइमचा आकार शोधत बसले. हे एंझाइम शरीरातलं विष, कचरा, काम झालेली औषधं सगळं साफ करतं. "आपले पौरकार्मिक बघ की," अण्णा म्हणतात, "सकाळी रस्ता झाडतात म्हणून आपण राहालोय." त्या एंझाइमचे स्फटिक करायचे, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि त्यावरून आत काय कुठं आहे ते काढायचं. तेही नुसत्या एंझाइमचं नाही, तर त्याच्या पोटात त्याला अडवणारा रेणू घुसून बसलेला असताना.

लोकांच्या हॉलमध्ये टीव्ही असतो, यांच्या हॉलमध्ये त्याचं मॉडेल आहे. सायकलच्या तारा, मणी आणि डिंक. "हा लाल मणी लोखंडाचा. औषध इथं यायचं, चिरलं जायचं, बाहेर पडायचं. आता हा पिवळा बघ. येऊन बसलाय, उठायचं नावच घेईना. जागा अडली की संपलं!"

जागा अडली की संपलं! बेंगळुरूतल्या प्रत्येक दुखण्याचं हेच निदान. एकदा फाटकासमोर रिक्षा लावून झोपलेल्या ड्रायव्हरला अण्णांनी उठवलं, हॉलमध्ये आणलं आणि पिवळा मणी दाखवला. बिचारा कॉफी प्याला, हात जोडून गेला. आता तो रिक्षा चार घरं सोडून लावतो.

पपनसाचंही त्यांनी मला सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. पपनसात असाच एक अडवणारा असतो. यकृतातलं ते एंझाइम आतड्यातही असतं, तिथं तो त्याला धरतो आणि सोडतच नाही. शरीराला नवं एंझाइम बनवावं लागतं. तोवर काही काही गोळ्या साफच होत नाहीत, रक्तात साचत जातात. "ज्या गोळीवर माणूस जगतो, तीच मारते," अण्णा म्हणाले होते. पण मी पडले नागपूरची, संत्र्याच्या गावची. मला कोण फळाबद्दल शिकवतंय बाप्पा! तिन्ही वेळा मी मान हलवली आणि मोबाइल बघत राहिले.

अण्णांच्या बायकोला, विमलअक्कांना, मी रोज बघत होते. सहा वर्षांपूर्वी त्यांची किडनी बदलली. धाकट्या बहिणीनं दिली. ती किडनी शरीरानं परकी म्हणून नाकारू नये म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठला गोळी. आठला अण्णांचा गजर वाजतो आणि ते पाण्याचा पेला घेऊन अक्कांसमोर उभे राहतात. औषध कमी पडलं तरी किडनी जाते आणि जास्त झालं तरी जाते, हेही मला माहीत होतं. एका कानानं हे ऐकलं, दुसऱ्या कानानं पपनसाचं, आणि मधल्या डोक्यात काही म्हणून शिरलं नाही.

मागच्या शनिवारी अक्कांनी शेंगदाण्याची चटणी पाठवली, स्टीलच्या डब्यात. आता डबा रिकामा कसा परत करायचा? आईनं लहानपणापासून बजावलंय, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यावी. घरात अण्णांनीच दिलेलं पपनस होतं. फोडी सोलल्या, ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर घालून झकास कोशिंबीर केली. त्यांच्याच झाडाचं फळ, त्यांना आवडणारच! डबा अक्कांच्या हातात दिला आणि बाहेर भाजी आणायला निघाले. फाटकात अण्णा भेटले, बाजारातून येत होते.

"अण्णा, अक्कांना पपनसाची कोशिंबीर दिलीय. जेवणात घ्या."

अण्णांच्या हातातली पिशवी पडली. टोमॅटो रस्त्यावर गेले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस चपला न काढता आत धावला, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पपनस, आणि अक्कांची आठची गोळी! मी पण आत पळाले.

अक्का स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर उघडा डबा, नाकाजवळ धरलेला. डोळे मिटलेले.

"खाल्लीस?" अण्णांनी दारातूनच विचारलं.

"नाही हो. वास घेतला नुसता."

"खरं सांग, विमल."

"चमचा तरी आहे का हातात? बघा की."

अण्णा तिथंच ओट्याला टेकून खाली बसले. मग माझ्याकडे वळले. "तीन वेळा सांगितलं तुला! तीन वेळा! अक्कल कुठं ठेवतीस?" मी रडायलाच लागले. चुकलं होतंच माझं, आणि काय होऊ शकलं असतं ते मला दिसत होतं.

"ओरडू नका तिला," अक्का म्हणाल्या. "डबा रिकामा कसा देईल पोर?" मग माझ्याकडे बघून, "हे झाड मीच लावलंय गं. देवनहळ्ळीहून आणलेलं फळ खाल्लं आणि बी टाकलं. फळं धरायला लागली आणि माझी किडनी गेली. तोडा म्हटलं, तर हे तोडत नाहीत."

"का म्हणून तोडायचं?" अण्णा खालूनच गुरगुरले. "तू लावलेलं."

"मग अण्णा, तुम्ही खाता ना?" मी डोळे पुसत विचारलं. "तुम्हाला तर गोळ्या नाहीत."

"ती खात नाही तर माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

अक्का हसल्या. "म्हणून तर ते सगळ्यांना विचारत हिंडतात. संध्याकाळी वही वाचून दाखवतात मला. कुठलं फळ कसं निघालं, कोण काय म्हणालं." आणि जरा रागानंच म्हणाल्या, "पण तू बाई, दर वेळी आपली 'छान'. छान म्हटल्यावर मला काय कळणार?"

तीन वर्षं त्या बाईला मी माझ्या कॅबच्या घाईत एक शब्द फेकून देत होते.

डबा घेऊन मी बाहेर अंगणात, झाडाखालच्या पायरीवर बसले. अण्णांनी अक्कांची खुर्ची खिडकीशी ओढली, चष्मा लावला, वही उघडली. मी पहिला घास घेतला, नीट चावला.

"आधी आंबट," मी म्हणाले. "मग गोड. कडवट अगदी मागनं, जिभेच्या टोकाला नाही, घशाशी."

"सावकाश सांग," अक्का खिडकीतून म्हणाल्या, "ह्यांना लिहायचंय."