डीपीवरची जाऊबाई

साल २०१९. त्या वर्षी मी अशी भयकथा लिहायला घेतली होती, की वाचणाऱ्याने भरदुपारी दाराला कडी घालावी! हे अर्थात माझं मत. सून धनश्री माझी हस्तलिखितं शेंगदाणे खात खात वाचते आणि म्हणते, "छान आहे, आत्या. पण जिना चढून हडळीचा गुडघा कसा दुखत नाही?"

दिंद्रुडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि भुतं लिहू लागले. तीस वर्षं पोरांना घाबरवलं, आता त्यांच्या आईबापांना. जेवणं आटोपली की ओसरीत बसायचं, दोन पानं लिहायची, त्यातलं एक फाडायचं. बीडचं एक छोटं साप्ताहिक माझी कथा दर आठवड्याला छापू लागलं : 'डीपीवरची जाऊबाई'.

विजेच्या रोहित्राला आमच्याकडे सगळे डीपीच म्हणतात. माझ्या कथेत थोरली जाऊ पुरणपोळीचा वाटा देत नाही म्हणून धाकटी झुरून मरते, हडळ होते आणि शिवारातल्या डीपीवर जाऊन बसते. चिडली की लाईट घालवते. तूप सोडलेली पुरणपोळी मिळाली की लाईट देते.

हे छापून आलं आणि घात झाला! कारण आमच्या शिवारातली खरी डीपी तेव्हा सहा दिवस बंद होती. ऊस माना टाकत होता. आश्रुबाच्या चहाच्या हॉटेलात साप्ताहिक मोठ्याने वाचलं जायचं. त्याची बायको छबुबाई भजी तळता तळता ऐकायची. तिने गुपचूप पुरणपोळी केली, वर तुपाची धार सोडली आणि ताट डीपीच्या कुंपणाबाहेर, कडुलिंबाखालच्या दगडावर ठेवलं. संध्याकाळच्या आत लाईट आली! आणि ताट? रिकामं, घासून पालथं घातलेलं!

"खऱ्या जावांपरीस हीच बरी," छबुबाईने गावभर सांगितलं. "ताट तरी घासती!"

मग घरोघरी पाळी लागली. रोज दुपारी एका घरचं ताट. लाईट अशी टिकली, की लोक मोटार बंद करायचं विसरून गेले.

शेवटचा भाग शुक्रवारी छापायला जायचा होता. मंगळवारी आश्रुबा, छबुबाई आणि सरपंच बिभीषण माझ्या ओसरीवर हजर!

"बाई, शेवट काय करताव?" बिभीषणने विचारलं.

"काय म्हणजे? लिंबू, खिळे, आणि हडळीला जाळायचं."

"जाळायचं? कावून?" छबुबाईने पदर तोंडाला लावला. "तिनं तुमचं काय वाईट केलं?"

"अगं, ती माझ्या डोक्यातून आलीय!"

"तुमच्या डोस्क्यातून आली, आन डीपीवर बसली," बिभीषण म्हणाला. "आता ती तुमची न्हाई. गावाची हाय."

आश्रुबाने हात जोडले. "दोन एकर ऊस हाय, बाई. अजून पंधरा दिस पाणी भेटलं तर कारखान्याला जातोय. तुमी तिला जाळलं, तर माझा ऊस बी जळाला म्हणून समजा."

"आश्रुबा, मी सत्तेचाळीस कथा लिहिल्यात. एकही भूत जिवंत सोडलेलं नाही!"

साप्ताहिकाचे संपादक मोहनराव फोनवर वेगळंच बजावत होते : "बाई, हडळ जळालीच पाहिजे! पहिल्या पानावर ज्वाळा छापणार आहे मी!"

गावाचा भ्रम मीच दूर करणार, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी भर बाराला एका हातात छत्री, दुसऱ्यात शेवटच्या भागाची पानं घेऊन मी उसाआड दबा धरून बसले. दगडावर ताट होतं. आसपास चिटपाखरू नाही.

आणि लिंबाच्या खोडामागून एक हात बाहेर आला. काळाकुट्ट. कोपरापर्यंत चकाकणारा. त्याने अलगद पोळी उचलली!

सत्तेचाळीस कथांमध्ये मी 'किंचाळी घशातच अडकली' असं लिहिलंय. साफ खोटं! किंचाळी अजिबात अडकत नाही. माझी तर आश्रुबाच्या हॉटेलापर्यंत गेली. मी उलटी पळाले ती थेट पाण्याच्या पाटात. एक चप्पल चिखलात, छत्री उसात, पानं पाण्यात. जी हडळ जाळायची होती, ती डोळ्यांदेखत विरघळली!

"बाई, वरडू नका!" खोडामागून तोंडभर घास घेतलेला माणूस धावत आला. "मी हाय, सोमेश्वर! लाईनमन!"

"मेल्या! रबरी हातमोजा घालून जेवतोस?"

"तूप लई गरम हाय, बाई."

मला चिखलातून ओढता ओढता त्याने सगळं ओकून टाकलं. "चार गावं हायत माझ्याकडं. चहा बी कुनी इचारत न्हाई. बायको बाळंतपणाला गेली माहेरी. हितं रोज पुरणपोळी! मग येतो, खातो, आन आलोच हाय तर फ्यूज बी बघतो."

"आणि ताट घासतोस?"

"आईनं वळण लावलंय. सांगू नका, बाई. मग मला हितं यायची लाज वाटंल."

तेवढ्यात माणसांचा गलका आला. सोमेश्वर उसात गडप! आश्रुबा सगळ्यांत पुढे, धापा टाकत. "बाई, पाहिली का?"

तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या उसाकडे. हिरवागार, मनगटाएवढा.

"पाहिली," मी म्हणाले. "भुकेली आहे रे बिचारी."

शुक्रवारी नवा शेवट धाडला : थोरली जाऊ माफी मागते, वाटा देते आणि हडळ डीपीवर सुखाने नांदते. मोहनराव फोनवर ओरडले, "बाई, ही भयकथा आहे की हळदीकुंकू?" पण पान रिकामं होतं, छापावंच लागलं.

आश्रुबाचा ऊस कारखान्याला गेला. बिभीषण पुढच्या निवडणुकीत पडला. जाऊबाईने काम केलं नाही, असं तो अजून सांगतो. मोहनरावांनी साप्ताहिक बंद करून बीडच्या कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. म्हणतात, इथल्या कागदांनी माणसं जास्त घाबरतात. सोमेश्वरला मुलगी झाली, पण वजन असं वाढलं, की खांबावर चढवेना. शेवटी ऑफिसात बसायला परळीकडे बदली घेतली.

त्याच्या जागी आलेला लाईनमन साखरेचा पेशंट निघाला. ताटं तशीच पडून राहू लागली, डीपी पुन्हा आठ-आठ दिवस बंद! छबुबाई रडत आली, "बाई, जाऊबाई रुसली वो!"

म्हणून सत्तेचाळीस भुतं मारलेली ही लेखिका सध्या आश्रुबाच्या हॉटेलात वाचायला नवा भाग लिहितेय. त्यात हडळीला वैद्य गोड सोडायला सांगतात. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी. मीठ बेताचं.