मिरचीच्या पथारीवर वादळाचे बळ ठरले, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून आणि नाकास रुमाल बांधून ही हकीकत लिहिली असे. नंदुरबार कसब्याबाहेर मिरचीच्या पथारीवर जो संग्राम जाहला, तो थोरांनी वाचून शहाणे व्हावे आणि धाकट्यांनी वाचतेवेळी डोळे चोळू नयेत.

वर्तमान ऐसे जे, हिवाळ्याचे दिवसांत पश्चिम दर्यात एक वादळ बंड करून उठले, आणि सुरतेकडे किनाऱ्यास लागले, मग नवापूरचे नाक्यावरून बेपरवाना आपल्या मुलखात शिरले. ते समयी राजेश्री हेमराजराव पाटील आणि मेहेरबान अनीसभाई यांची भागीदारीची लाल मिरची उघड्या मैदानात पथारी घालून वाळत पडली होती. मिरची अजून अर्धी ओली. पावसात भिजली तर कुजणार, आणि उगाच ढीग करून झाकून ठेविली तर वाफेने काळी पडणार. दोहींकडून हंगाम बुडणार. सबब वादळाचे बळ किती, हे आधी ठरविणे प्राप्त जाहले, आणि तेथेच उभयतां सरदारांत फूट पडली.

हेमराजराव मोबाइलबहाद्दर. त्यांनी फर्माविले की, वादळाचे बळ ते किनाऱ्यास लागते त्या घटकेचे धरावे, आणि पुढे ते उतरतच जाते, मग येथवर येईतो त्याचा निव्वळ वारा उरतो. सबब पथारी हलवू नये. अनीसभाईंनी उलट अर्ज गुदरला की, सुरतेचा किनारा सुरतकरांस मुबारक. आपल्यास वादळ लागले ते आपल्या कुंपणास लागेल तेव्हा, आणि ते मोजावयाचा दस्तूर वाडवडिलांपासून एकच, तो ठसका. मिरचीचा खकाणा उडून चहाच्या टपरीवर ठसका लागला तर झुळूक जाणावी, रिक्षाथांब्यावर लागला तर वारा, आणि रेल्वे स्टेशनापावेतो लागला तर पथारी उचलावी.

"मन्हा मोबाइल सांगी ऱ्हायना, जोर कमी शे!" हेमराजराव गरजले.

"तुन्हा मोबाइलले ठसका लागस का?" अनीसभाईंनी पुसिले.

हा वार वर्मी बसला. एका किटलीतून चहा पिणारे दोघे पाठमोरे होऊन बसले. हे लिहिताना आम्हांस खरेच वाईट वाटते. त्यात ताडपत्री अशी अजस्र आणि भागीदारीचा करार ऐसा की, एक टोक याने आणि एक टोक त्याने धरिले तरच ती उठावी.

तेव्हा हेमराजरावांच्या मातोश्री दगूबाई यांनी निवाडा दिला की, मिरचीत मुरलेले आपले नाक फितूर असते, ते साक्षीस चालणार नाही. सबब सुरतेहून येणाऱ्या पॅसेंजरचे उतारू खोकले तर पथारी उचलावी. उभयतांनी मान डोलविली, आणि मजूरबायांची मुकादम रूपलीबाई हीस रिक्षात घालून स्टेशनावर वकील म्हणून रवाना केले. थोड्याच वेळात तिचा फोन आला.

"सगळी गाडी खोकी ऱ्हायनी!"

पण हेमराजराव हार खाणारे नव्हेत. सुरतेकडचे लोक डाळीतही गूळ घालतात, त्यांचा ठसका प्रमाण धरू नये, अशी त्यांनी नवी हरकत काढिली.

"हेमराज, बोलनं बंद कर, ताडपत्री धर," मातोश्री म्हणाल्या.

ते जागचे हलले नाहीत. मग मातोश्रींनी पदर खोचून लेकाचे टोक आपण धरिले, आणि दुसरे अनीसभाईंनी, आणि अवघी फौज फावडी, टोपली घेऊन तुटून पडली. शिंकांच्या तोफा सुटल्या, आणि कोण रडतो, कोण खोकतो हे कळेना, मग ढिगावर ताडपत्री पडली, आणि लागलीच आभाळ फुटले. सर्वांनी तिचीच कड डोईवर ओढून घेतली. हेमराजराव मात्र मैदानाचे मध्यभागी मोबाइल उंच धरून उभेच. पाऊस आडवा, उभा, सर्व बाजूंनी आला, आणि अखेर मोबाइलही विझला.

मग ते चिखल तुडवीत ताडपत्रीपाशी आले आणि खाली पाहून बोलले, "अनीसभाई, जरा सरक. मी भिजी ऱ्हायनू."

अनीसभाई सरकले.

दुसरे दिवशी ऊन पडताच मिरची पुन्हा पसरली, ती लालच्या लाल निघाली. येणेप्रमाणे फत्ते जाहली, आणि दगूबाईंच्या आज्ञेने दप्तरी नोंद घातली की, सदरहू वादळाचे आपल्या मुलखात शिरतेवेळचे बळ, हेमराजराव पाटील यांस जागचे हलविण्याइतके होते.