म्हातारा गेला एकदाचा!

"मोबाइलमधलं मला कुणी शिकवू नये!" असं चष्मेवाले जावई चारचौघांत छातीठोकपणे सांगत. आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते मोबाइलवर किल्ल्याचा खेळ खेळत. शेवटच्या दारावर पांढऱ्या दाढीचा एक राक्षस उभा असे. खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळे त्याला 'म्हातारा' म्हणत. तो मेल्याशिवाय किल्ला मिळत नसे आणि तो तर घोरपडीसारखा चिकट!

त्या रविवारी दुपारी, घरच्या सोफ्यावर लोळता लोळता, जावयांनी त्याला लोळवलं. आनंदाच्या भरात त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "गेला म्हातारा एकदाचा! महिनाभर छळलं! मीच संपवला. संध्याकाळी पार्टी!" आणि फोन उशाला ठेवून ते गाढ झोपले.

ग्रुप मात्र खेळाचा नव्हता. सासरचा होता! आणि सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर त्यांच्याचकडे मुक्कामाला होते.

दाराची बेल वाजली तेव्हा सासऱ्यांनीच दार उघडलं. समोर त्यांची धाकटी बहीण पदर डोळ्यांना लावून उभी. तिने वर पाहिलं आणि किंचाळली, "दादा! तू?"

"मग कोण असणार? घरात तर ये."

मागोमाग दोन चुलतभाऊ आले, साडू आले. बायको धापा टाकत बाजारातून परतली. पिशवी दारातच टाकून तिने वडिलांना चाचपून पाहिलं आणि मग नवऱ्याला गदागदा हलवलं.

"अहो, काय लिहिलंत हे? संपवला म्हणे!"

जावयांनी डोळे चोळत फोन पाहिला. तोंडचं पाणीच पळालं! "अगं, हे... हा खेळातला म्हातारा! दाढीवाला!" त्यांनी सगळ्यांसमोर फोन नाचवत मेलेला राक्षस दाखवला. कुणाचा विश्वास बसेना. सासऱ्यांनी चष्मा चढवून संदेश सावकाश वाचला. त्याखाली त्यांच्या सख्ख्या मुलाचं उत्तर होतं: "किती वाजता?"

"बाबा, त्याने फक्त 'पार्टी' एवढंच वाचलं असेल हो," मुलगी घाईघाईने म्हणाली.

"चुकलो, बाबा," जावई पुटपुटले. त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

सासरे शांतपणे मधल्या खुर्चीवर जाऊन बसले. मग म्हणाले, "एवढी मंडळी कामं टाकून आलीच आहात, तर रिकामी कशाला जाता? समजा, मी गेलो. बोला, माझ्याबद्दल काय चांगलं बोलणार होतात?"

एक चुलतभाऊ पंख्याकडे बघू लागला, दुसरा खाकरला आणि तेवढ्यावरच थांबला. साडूंना एकाएकी पाणी प्यावंसं वाटलं.

शेवटी बहीणच उठली. भावाच्या खांद्यावर मायेने हात ठेवून म्हणाली, "दादा, तू खरंच गेलास ना, की बोलू रे भरभरून! असा समोर बसलास तर खोटं कसं बोलवेल?"