एका छत्रीखाली कुत्रा आणि मांजर

"मला माहीत नाही" हे वाक्य मी जन्मात उच्चारलेलं नाही. गरजच पडली नाही. जगात माहीत नसण्यासारखं काही असतं यावर माझा विश्वास नाही. फार तर ते अजून जुळवलेलं नसतं, एवढंच.

पोटापाण्याला मी लिफ्ट दुरुस्त करायचो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आतली माणसं रडकुंडीला यायची. मी वर पाना घेऊन बसायचो आणि फटीतून त्यांना गोष्टी सांगायचो. एका इमारतीत तर लिफ्ट सुरू झाली, दार उघडलं, तरी माणसं बाहेर येईनात. "पुढचं सांगा, मग जातो," म्हणाली. त्यातल्या एकाने नंतर तळमजल्यावरचं घर विकून अगदी वरच्या मजल्यावर घेतलं, केवळ लिफ्टमध्ये अडकायची संधी वाढावी म्हणून. आमच्या हिला ही गोष्ट पटत नाही. पण ती तेव्हा तिथे नव्हती.

असो. निवृत्त झालो आणि ऐकणारं कुणी उरलं नाही. मुलगा सदा फिरतीवर, आणि हिचे कान माझ्या आवाजाला निर्ढावलेले. अशात सूनबाईने इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक घरी आणलं, आणि मंडळी, माझे दिवस फिरले.

आमची सूनबाई छत्र्यांच्या कारखान्यात. लागली ती कापड कापायच्या टेबलावर, आणि स्वतःच्या हिमतीवर गिऱ्हाइकांना नमुने दाखवायच्या खोलीपर्यंत पोचली. आता परदेशी विक्रीचं प्रमुखपद रिकामं होतं. मालकांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "परदेशातून एक बाई येताहेत. त्यांनी ऑर्डर दिली तर ती खुर्ची तुमची. नाही दिली तर मी बाहेरून माणूस आणतो, आणि तुम्ही परत कापडाच्या टेबलावर." या बाई म्हणे भल्याभल्या कारखान्यांतून नुसता चहा पिऊन परत गेल्या होत्या. हसायच्या नाहीत, घासाघीस करायच्या नाहीत, पर्स उचलून चालायला लागायच्या.

सूनबाईचं इंग्रजी चांगलं होतं. गाडी अडायची ती वाक्प्रचारांपाशी.

"अर्थ पाठ होतो हो, बाबा," मटार सोलता सोलता ती म्हणाली, "पण असं का म्हणतात ते कळलं नाही की दुसऱ्या दिवशी डोकं कोरं. आता हे बघा. मुसळधार पाऊस पडला की म्हणायचं, इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज. कुत्री-मांजरं पडताहेत म्हणे. का?"

पुस्तकात 'का' दिलेलं नव्हतं. आणि समोर कोण बसलेलं? मी.

"सोपं आहे," मी म्हणालो. "त्यांच्याकडे एक राजा होता. त्याचा एक पाऊसमोज्या होता. त्या काळी पाऊस मोजायची यंत्रं कुठली? तो आपली भलीमोठी छत्री उघडून चौकात उभा राहायचा. भुरभुर असली की आडोशाला एक मांजर यायचं. बरा पाऊस असला की कुत्रं यायचं आणि मांजराला हाकलायचं. पण पाऊस असा कोसळला, असा कोसळला, की कुत्रा आणि मांजर भांडण विसरून एकाच छत्रीखाली शेजारी शेजारी बसले, की तो राजाला वर्दी द्यायचा: आज कॅट्स अँड डॉग्ज!"

सूनबाई मटाराची शेंग हातात धरून बघत राहिली. "हे नाही विसरायची मी," म्हणाली.

आणि खरंच विसरली नाही. तिची स्मरणशक्ती म्हणजे ओलं सिमेंट; एकदा पाऊल उमटलं की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. मग रोज संध्याकाळी आमचा वर्ग. 'ब्रेक द आइस' म्हणजे अवघडलेल्या माणसांना बोलतं करणं. का? तर थंड मुलखात पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नाही असा नियम, आणि घागर तर गोठलेली. यजमान हातोडा घेऊन बर्फ फोडायला जायचा, तो नेमका अंगठ्यावर बसायचा, आणि सगळे एकदम विचारायचे, "लागलं का हो?" झाल्या गप्पा सुरू. 'अंडर द वेदर' म्हणजे बरं नसणं. हा आजार फक्त जहाजावरच होतो, जमिनीवरच्या माणसाला होऊच शकत नाही, असं मी बजावून सांगितलं. का सांगितलं ते आठवत नाही. ओघात आलं.

स्वयंपाकघरातून ही म्हणायची, "अहो, पोरीची नोकरी टांगणीला लागलीय. काय भरताय तिच्या डोक्यात?"

"ज्ञान."

"ज्ञानाला एवढी मांजरं लागत नाहीत."

अखेर तो दिवस उजाडला. सकाळपासून पाऊस. मी पंख्याचं पातं पुसत शिडीवर उभा, तेवढ्यात सूनबाईचा फोन.

"बाबा, बाई आल्यात. बाहेर बघून म्हणाल्या, कॅट्स अँड डॉग्ज. मग मी तुमची गोष्ट सांगितली."

मी शिडीची पायरी घट्ट धरली. "मग?"

"त्या म्हणाल्या, वाक्प्रचारांच्या उगमांवरची बरीच पुस्तकं वाचलीत, पण हे कुठेच मिळालं नाही. कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी. आता त्यांना तुम्हाला भेटायचंय. गाडी पाठवलीय."

मंडळी, मी फडकं पंख्यावरच सोडून शिडीवरून खाली उतरलो.

"सूनबाई," मी आवाज खोल नेला, "मला जरा अंडर द वेदर वाटतंय गं."

"ते फक्त जहाजावर होतं, बाबा. या लवकर."

फोन बंद. हिने माझा इस्त्रीचा शर्ट आणून हातात दिला. "जा. पेरलंय ते उगवलंय."

कारखान्यातली ती खोली लांबलचक. भिंतीला उघड्या छत्र्या लटकवलेल्या, जणू वटवाघळांची सभा. टेबलाच्या एका टोकाला मालक, कपाळावर घाम. दुसऱ्या टोकाला बाई: ताठ, पांढरे केस, चेहरा कुलूप लावल्यासारखा. मधे सूनबाई, शांत. ती बाईंशी इंग्रजीत काहीतरी बोलली, बाईंनी मान हलवली, आणि माझी तोंडी परीक्षा सुरू झाली.

"त्या विचारताहेत, कोल्ड शोल्डर कुठून आलं?" सूनबाई म्हणाली. "एखाद्याला मुद्दाम दूर ठेवणं. थंड खांदा."

मी इकडेतिकडे बघितलं. माझ्या डाव्या खांद्यावर वातानुकूलन यंत्राचा झोत पडत होता. देव संकटात असा धावून येतो.

"एका राजाच्या दरबारात शेकोटी एकाच बाजूला होती," मी म्हणालो. "मर्जीतली माणसं शेकोटीजवळ. मर्जीतून उतरलेला खिडकीजवळ, वाऱ्यात. बाहेर पडताना दारवान प्रत्येकाचा खांदा चाचपायचा. गरम लागला तर मुजरा. थंड लागला तर, अरे, जोडे स्वतःचे स्वतः शोध."

सूनबाईने इंग्रजीत सांगितलं. बाईंनी डोळे बारीक केले. पुन्हा प्रश्न.

"राजाचं नाव विचारताहेत."

"नाव घेत नाहीत," मी म्हणालो. "घेतलं की त्याच्या वंशजांना सर्दी होते."

"आणि ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली म्हणताहेत."

"त्या दारवानाच्या घराण्यातला एक जण माझ्या लिफ्टमध्ये अडकला होता."

सूनबाईने तेही जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण बाईंनी एकदम दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि डोकं टेबलावर टेकवलं. खांदे गदगदा हलायला लागले. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझे दोन्ही खांदे थंड पडले.

बाई रडत होत्या. माझ्या थापेने एका परक्या बाईला रडवलं होतं! गेली ऑर्डर, गेली खुर्ची. सूनबाईचं ते कापडाचं टेबल मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. ते उंच स्टूल, ती जड कात्री, अंगठ्याला पडलेले घट्टे. तिने काय केलं होतं? माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी उठलो. आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं, आणि तेही इंग्रजीत.

"मॅडम," मी म्हणालो, "आय लाय. कॅट लाय, डॉग लाय, किंग लाय. ऑल लाय. माय डॉटर-इन-लॉ, नो लाय. ऑर्डर गिव्ह हर. प्लीज."

बाईंनी डोकं वर केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्याचं कुलूप निघालं होतं. त्या हसत होत्या, पोट धरून हसत होत्या. मग सूनबाईला काहीतरी म्हणाल्या.

"बाई म्हणताहेत, ते त्यांना माहीत आहे," सूनबाई म्हणाली. "आणि विचारताहेत, तुम्ही का थांबलात? दारवानाचं पुढे काय झालं?"

"माहीत आहे म्हणजे?"

"मी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. म्हटलं, ही पुस्तकातली नव्हे, आमच्या घरची थाप आहे. माझे सासरे जागच्या जागी जुळवतात. त्या म्हणाल्या, जुळवताना बघायचंय."

"आणि तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या संध्याकाळपासून. पुस्तकाच्या शेवटच्या टिपांत कॅट्स अँड डॉग्जपुढे लिहिलंय, या वाक्प्रचाराचा उगम नक्की ठाऊक नाही."

"मग मला सांगायचं नाही होय? मी इथे घामाने निथळतोय!"

"सांगितलं असतं तर तुम्ही खरं बोलायला लागला असता," सूनबाई प्रेमाने म्हणाली. "तुमचं खरं फार बेचव असतं, बाबा."

मी हयातभर माणसं बांधून ठेवली ती लोखंडी पेटीत, जिथून त्यांना पळताच येत नव्हतं. या पोरीने दारं सताड उघडी असलेल्या खोलीत, पर्स उचलून निघून जाण्यात नाव कमावलेल्या बाईला बसवून ठेवलं, आणि एकही शब्द खोटा न बोलता! अशी कारागिरी मी दुसरी पाहिली नाही.

दारवानाचं पुढचं मी सांगितलं. त्याला बराच वेळ लागला, कारण त्यात एक हत्ती आला. हत्ती संपला तेव्हा बाईंनी ऑर्डर दिली: एका छत्रीखाली कुत्रा आणि मांजर बसलेत असं चित्र छापलेल्या छत्र्या, आणि प्रत्येक मुठीला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर माझी गोष्ट. मालकांनी तिथल्या तिथे सूनबाईच्या हाती परदेशी विक्रीप्रमुखाच्या खोलीची किल्ली दिली. तिने ती मुठीत इतकी घट्ट धरली, की घरी येईपर्यंत तळव्यावर वळ होता.

पहिली तयार छत्री तिने मलाच आणून दिली. माझी गोष्ट छापून आली, जगभर जाणार! मी छाती काढून हिला चिठ्ठी दाखवली. इंग्रजी होती, म्हणून सूनबाईकडून मोठ्याने वाचून घेतली. गोष्ट सुरेख उतरली होती. पण बाई धंद्याला पक्क्या. गिऱ्हाइकाची फसवणूक नको म्हणून शेवटी त्यांनी एक ओळ घातली होती: "ही गोष्ट छत्री बनवणाऱ्यांच्या घरातल्या आजोबांनी सांगितली आहे. कृपया तिच्यावर विश्वास ठेवू नये."

हिने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग छत्री माझ्या हातातून घेतली, बैठकीत पाहुण्यांना पहिल्यांदा दिसेल अशा खिळ्याला अडकवली आणि चिठ्ठी सरळ केली.

"इतकी वर्षं मी तोंडी सांगत होते, कुणी मनावर घेतलं नाही," ती म्हणाली. "आता परदेशातून लेखी आलं."