डॉक्टरांनी उपटलेले कपॅसिटर

दवाखान्यातला कॉम्प्युटर सोमवारी जो बंद पडला तो मंगळवारीही उठेना. बटण दाबलं की आतला पंखा अर्धी गिरकी घ्यायचा आणि मान टाकायचा. दातांचे एक्स-रे त्याच्याच पडद्यावर दिसायचे, त्यामुळे दवाखान्यातले दोन्ही डॉक्टर, म्हणजे बाप आणि लेक, अडून बसले होते.

लेक नुकतीच शिकून आली होती. दात कितीही किडका असो, रूट कॅनल करून ती तो वाचवायचीच. वडिलांची ख्याती नेमकी उलटी. पेशंटने आ करेपर्यंत दात यांच्या ट्रेमध्ये.

"बाबा, काढून टाकू या. नवा मागवते," लेक म्हणाली.

"लगेच काढायचं काय? आधी वाचतोय का बघू."

"तुमची वाक्यं अदलाबदल झाली वाटतं," टेबलाशी बसलेल्या सिस्टरबाई म्हणाल्या.

डॉक्टरांना हसू आलं नाही. लेकीने आल्यापासून खुर्ची बदलली, दिवे बदलले, पडदेसुद्धा बदलले. सगळं चांगलंच झालं होतं. पण एकेक जुनी वस्तू बाहेर गेली की त्यांना वाटायचं, आता आपला नंबर. कॉम्प्युटर त्यांनी हौसेने घेतलेला. तो उठला तर आपणही अजून कामाचे आहोत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत चालू झाला नाही तर खुशाल नवा आण," ते म्हणाले आणि हट्टाला पेटले.

बुधवारी दुपारी त्यांनी पॉवर सप्लायचा डबा उघडला. आत नळकांड्यांसारखे कपॅसिटर ओळीने उभे होते. त्यातल्या सात जणांची डोकी फुगलेली आणि बुडाशी तपकिरी चिकट काहीतरी साचलेलं. डॉक्टरांचा चेहरा खुलला. सूज आहे, पू आहे, म्हणजे रोजचंच काम. बंद असला तरी यात करंट राहतो, हे त्यांनी वाचलं होतं. डब्याची पिन कालपासून काढलेली होती, तरी त्यांनी हातमोजे चढवले. मग खालून सोल्डरिंगचा चटका द्यायचा आणि वरून चिमट्याने ओढायचं. एकही पाय न मोडता सातही कपॅसिटर ट्रेमध्ये पडले. शेवटचा निघाल्यावर सवयीने ते म्हणालेसुद्धा, "चूळ भरा."

तो ट्रे तसाच घेऊन ते कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने तीन मापांचे नवे कपॅसिटर मोजून दिले, वर प्रत्येकातला एकेक जास्तीचा घातला.

"कुठला कुठे बसतो ते माहितीये ना?" त्याने विचारलं.

डॉक्टर मान डोलवायला गेले आणि मध्येच थांबले. मापं तीन, जागा सात, आणि भोकं सगळी सारखीच. काढलेला दात परत जागेवर बसवायची वेळ त्यांच्यावर उभ्या आयुष्यात आली नव्हती.

पण आता माघार कसली घ्यायची? अंदाजाने त्यांनी सगळे बसवून टाकले. संध्याकाळी बाहेर चार पेशंट येऊन बसले, तेव्हा आत लेक टॉर्च धरून उभी होती.

"घट्ट धर. हललं तर जळेल," डॉक्टर म्हणाले. एक डाग पक्का करून त्यांनी पिन लावली आणि बटण दाबलं.

"बाबा, वास येतोय."

"येणारच. जुनं दुखणं आहे."

"धूर निघतोय, बाबा."

"निघू दे. एकदा जोर लावून बघतो."

आणि फाट्कन एक कपॅसिटर फुटला. बाहेरच्या चारपैकी तिघांनी काढता पाय घेतला. उरले एक आजोबा, आणि तेही कानाने अधू होते म्हणून.

लेकीने आधी पिन उपटली. "मागव नवा," ते पडेल आवाजात म्हणाले.

"थांबा हो जरा." आतला करंट उतरू देऊन बऱ्याच वेळाने तिने जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि कपॅसिटर बसवलेली पट्टी घासायला घेतली. वर्षानुवर्षांची धूळ निघाली तशी खाली छापलेली वर्तुळं दिसू लागली. काही लहान, काही मोठी, आणि प्रत्येकाची एक बाजू काळी. "हे बघा, जाडीप्रमाणे जागा आहेत. आणि कपॅसिटरवरचा पांढरा पट्टा या काळ्या बाजूला यायला हवा. तुम्ही एक उलटा बसवलात, दोन भलतीकडेच."

मग तिने जागा दाखवायची आणि त्यांनी डाग द्यायचा, असं काम चाललं. फुटलेल्याच्या जागी जास्तीतला एक बसला. पिन लावून बटण दाबलं, तशी पंख्याने पूर्ण गिरकी घेतली आणि पडदा उजळला.

"नवा नको मग," लेक म्हणाली. डॉक्टर उगाचच चष्मा पुसत बसले. त्यांना फार बरं वाटलं होतं.

आजोबांना आत घेतलं, त्यांच्या दाढेचा एक्स-रे पडद्यावर आला. एरवी डॉक्टरांचा हात थेट चिमट्याकडे गेला असता. आज ते चित्राकडे बघत राहिले.

"काढायची घाई नको," ते हळूच म्हणाले. "हिला वाचवू या. तुझ्या खुर्चीवर घे."

लेकीने एक्स-रे मोठा करून पाहिला, दाढ हलवून पाहिली.

"बाबा, हिच्यात काही राहिलं नाही. काढावीच लागेल." तिने चिमटा त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच काढा. तुमच्याइतक्या सफाईने मला नाही जमत."

दाढ काढायला तुम्हीच हवे, असं लेक आपणहून म्हणत होती. डॉक्टरांनी चिमटा घेतला, आजोबांनी आ केला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना दाढेचं वाईट वाटलं.